बेवारस स्मृती : कर्नलमधील मेमरी-गळतीच्या शोधाचा इतिहास

संगणकशास्त्रातील पुष्कळशा संज्ञा रूपकांतून जन्मल्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी आहेत. ‘मेमरी लीक’ ही संज्ञा मात्र काहीशी फसवी आहे. मराठीत तिच्यासाठी ‘गळती’ हा शब्द सहज सुचतो आणि शब्दशः तो बरोबरही आहे. परंतु गळतीच्या कल्पनेत जे अभिप्रेत असते, ते येथे घडतच नाही. धरण गळते तेव्हा पाणी बाहेर जाते. मेमरी ‘गळते’ तेव्हा काहीच कोठे जात नाही. प्रोग्रामने मागून घेतलेला मेमरीचा खंड जागच्या जागी, जसाच्या तसा असतो. तो परत करावयाचा होता, एवढेच विसरले गेलेले असते. फारसी-अरबीतून आलेला आपला ‘बेवारस’ हा शब्द या अवस्थेचे अधिक नेमके वर्णन करतो. बेवारस मालमत्ता नष्ट झालेली नसते, तिच्यावर हक्क सांगणारा कोणी उरलेला नसतो. आणि म्हणूनच ती दुसऱ्या कोणाला देताही येत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, अशी बेवारस मेमरी कशी शोधली गेली, याचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तंत्रज्ञाच्या दृष्टीने हा इतिहास साधनांच्या प्रगतीचा आहे. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एखादा खंड ‘गळला’ असे म्हणणे हे वस्तुतः प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हेतूविषयीचे विधान आहे, आणि हेतू यंत्राला दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक पिढीने हेतूच्या जागी दुसरे काहीतरी मोजले : कधी नामपट्टी, कधी वय, कधी निर्देश. जे मोजता आले त्यालाच त्या त्या काळी ‘गळती’ म्हटले गेले. जे मोजता आले नाही ते शिल्लक राहिले.

हा वाद केवळ शब्दाचा नव्हे. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने ऑक्टोबर १९९२ मध्ये वाहने पाठवण्याचे काम संगणकाकडे सोपवले. पहिल्या दोन दिवसांतील गोंधळाची कारणे निराळी होती. परंतु ४ नोव्हेंबरच्या पहाटे ती यंत्रणा संथ होत गेली आणि अखेर पूर्णपणे थांबली, त्याचे कारण चौकशी समितीच्या फेब्रुवारी १९९३ च्या अहवालात नोंदले आहे. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एक दुरुस्ती करताना प्रोग्रामचा एक तुकडा अनवधानाने तसाच राहिला होता. प्रत्येक रुग्णवाहिका रवाना होताना तो फाइल-सर्व्हरची थोडी मेमरी घेई आणि परत करीत नसे. हा दोष कर्नलमधला नव्हता, तरी गळतीचा स्वभाव त्यातून स्पष्ट होतो. अपराधी ओळ तीन आठवडे बिनबोभाट चालत होती. मेमरी संपली त्या क्षणी जो प्रोग्राम मागणी करीत होता, त्याचा त्यात काही दोष असण्याचे कारण नव्हते. कारण आणि परिणाम यांच्यातील हे अंतर हीच शोधाची खरी अडचण होय.

कर्नलमध्ये ही अडचण दुणावते. सामान्य प्रोग्राम कितीही निष्काळजी असला, तरी तो संपताच त्याने घेतलेली सर्व मेमरी कर्नल परत घेतो. कर्नलच्या वर मात्र कोणी नाही. त्याने जे विसरले ते यंत्र बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत विसरलेलेच राहते, आणि सर्व्हर महिनोन्‌महिने चालू राहावा अशीच अपेक्षा असते. नेटवर्कवरून येणाऱ्या प्रत्येक संदेशामागे केवळ ६४ बाइट परत करावयाचे राहिले आणि सेकंदाला हजार संदेश येत असले, तर एका दिवसात साडेपाच अब्ज बाइट बेवारस होतात. शिवाय लिनक्ससारख्या प्रणालीत कर्नलची स्वतःची मेमरी तात्पुरती डिस्कवर हलवून ठेवण्याची सोय नाही. ती सदैव प्रत्यक्ष मेमरीतच बसते. येथील प्रत्येक चूक अशी रोखीने वसूल होते.

मूळ कल्पनांचा शोध घेऊ लागलो तर आपण १९६० या एकाच वर्षापाशी पोहोचतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये जॉन मॅकार्थी यांचा लिस्प भाषेवरील प्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. आयबीएम ७०४ या यंत्रावर सुमारे १५,००० रिकामे शब्द एका साखळीत ओवून ठेवलेले असत. मागणी येईल तसा एकेक काढून दिला जाई. साखळी संपली म्हणजे प्रोग्रामला ज्ञात असलेल्या काही मूळ स्थानांपासून निघून, एकातून दुसऱ्याकडे जात, जेथवर पोहोचता येईल तेथवरच्या प्रत्येक शब्दाचे चिन्ह ऋण करावयाचे. मग संपूर्ण मेमरी एकदा चाळून, ज्यांचे चिन्ह बदलले नाही ते शब्द रिकाम्या साखळीत परत घालावयाचे. या क्रियेला काही सेकंद लागत. आज तिला सारे जग ‘कचरा-संकलन’ म्हणते. परंतु मूळ निबंधात हा शब्द नाही, तेथे ‘पुनःप्राप्ती’ अशा अर्थाचा सभ्य शब्द आहे. निबंधाच्या उत्तरकालीन आवृत्तीस जोडलेल्या टीपेत मॅकार्थी म्हणतात की आपसांत आम्ही कचरा हाच शब्द वापरीत होतो, पण तो छापण्याचे धैर्य झाले नसावे, किंवा संशोधनशाळेतील व्याकरण तपासणाऱ्या बायकांनी तो छापू दिला नसावा. संज्ञांचा इतिहास लिहिणाऱ्याने अशा टीपा जपून ठेवाव्यात.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरा मार्ग सुचवला. प्रत्येक खंडाबरोबर एक अंक ठेवावा. त्या खंडाकडे निर्देश करणारे जितके असतील तितका तो अंक. शेवटचा निर्देश सुटला की अंक शून्य होतो आणि खंड तत्क्षणी परत करता येतो. ही निर्देशगणना. १९६३ मध्ये हॅरल्ड मॅकबेथ यांनी एका छोट्या पत्राद्वारे या रीतीचे वैगुण्य दाखवून दिले : दोन खंड एकमेकांकडे निर्देश करीत असतील, तर बाहेरच्या कोणालाही ते ठाऊक नसले तरी त्यांचे अंक शून्य होणार नाहीत. म्हणजे १९६३ पर्यंत या विषयातील दोन्ही मूळ उपाय आणि त्यांतील एकाचे मर्मस्थान अशा तिन्ही गोष्टी छापून आल्या होत्या. पुढील साठ वर्षांत कर्नलच्या क्षेत्रात जे घडले, ते या दोन उपायांचे कठीण परिस्थितीतील उपयोजन होय, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि आरंभीच्या कर्नलला यांपैकी कशाचीच गरज भासली नाही. १९७५ ची यूनिक्सची सहावी आवृत्ती घ्या. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी तिच्यावर सविस्तर भाष्य लिहिले आणि त्यामुळे ती शिकलेल्यांच्या पिढ्या झाल्या. त्या कर्नलमध्ये बहुतेक सर्व गोष्टी आधीच आखलेल्या तक्त्यांत बसवलेल्या होत्या : प्रोसेसच्या ५० जागा, उघडलेल्या फाइलींच्या १००, डिस्कवरील फाइलींचे वर्णन ठेवणाऱ्या आयनोडच्या १००. एखादी जागा सोडण्याचे राहून गेले तर तक्ता भरे आणि ‘आयनोडचा तक्ता ओसंडला’ अशा अर्थाची ओळ छापली जाई. ही गळतीच होती. पण तिला सीमा होती आणि नावही होते. कोणता तक्ता भरला हे कळताच अर्धा तपास होई. पुढे यंत्रे मोठी झाली, नेटवर्क आले, आणि आखीव तक्त्यांची जागा मागणीप्रमाणे लहानमोठे खंड देणाऱ्या सामाईक साठ्याने घेतली. सोय झाली, परंतु त्याबरोबर जागेला जे नाव होते ते नाहीसे झाले. कोणताही ६४ बाइटचा खंड दुसऱ्या कोणत्याही ६४ बाइटच्या खंडासारखाच दिसू लागला.

हे नाव परत आणण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न बर्कलीत झाला. ४.३ बीएसडी कर्नलमध्ये मेमरी देणाऱ्या अनेक वेगवेगळ्या यंत्रणा साचल्या होत्या. त्या सर्वांऐवजी एकच सर्वसाधारण यंत्रणा मार्शल कर्क मॅकक्युसिक आणि मायकेल कॅरल्स यांनी १९८८ मध्ये मांडली. तिच्या कार्यक्षमतेची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो तिच्या मागणीच्या वाक्यातील एक जादा घटक. मेमरी मागताना आकाराबरोबर तिचा ‘प्रकार’ही सांगावा लागे : ही नेटवर्कच्या संदेशासाठी, ही अमुक तक्त्यासाठी. कर्नल प्रत्येक प्रकाराचा हिशेब ठेवी, त्यावर मर्यादा घाली आणि विचारताच तो हिशेब दाखवी. एखादा प्रकार दिवसेंदिवस वाढतच आहे असे दिसले की कोणाकडे पाहावयाचे ते कळे. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने हीच कल्पना चार अक्षरांच्या खुणेच्या रूपाने स्वीकारली. प्रोग्राममध्ये ही चार अक्षरे उलट क्रमाने लिहिण्याची प्रथा आहे. इंटेलच्या यंत्रांत अंकाचा लघुतम बाइट आधी ठेवला जातो, त्यामुळे उलट लिहिलेली खूण मेमरी वाचताना सुलट दिसते. यंत्राच्या लिपीने माणसाच्या लेखनपद्धतीवर केलेला हा संस्कार मोठा मौजेचा आहे. परंतु नामपट्टीतून फक्त गट कळतो. एका प्रकारचे दोन लाख खंड आहेत एवढे समजले, तरी त्यांतील कोणते कामाचे आणि कोणते विसरलेले, हे पट्टी सांगू शकत नाही.

व्यक्तीपर्यंत पोहोचण्याचे श्रेय सन मायक्रोसिस्टिम्समधील जेफ बॉनविक यांच्या स्लॅब-पद्धतीला द्यावे लागेल. सोलॅरिस २.४ साठी तयार केलेल्या या पद्धतीवरील त्यांचा निबंध १९९४ च्या उन्हाळ्यात यूझनिक्सच्या परिषदेत वाचला गेला. एकाच जातीच्या वस्तू एकत्र ठेवण्याची तिची मुख्य युक्ती सर्वश्रुत आहे. शोधाच्या दृष्टीने महत्त्वाची ती तिची तपासनीस अवस्था : या अवस्थेत प्रत्येक खंडाबरोबर तो कोणी घेतला, केव्हा घेतला आणि त्या क्षणी कोणत्या फंक्शनने कोणत्या फंक्शनला बोलावले होते, याची नोंद राही. परत आलेला खंड एका ठरावीक अंकाने भरून टाकला जाई. षोडशमान पद्धतीत ए ते एफ ही रोमन अक्षरे अंक म्हणून चालत असल्याने तो अंक ‘डेडबीफ’ असा वाचता येई. मेमरीत हा शब्द दिसला की मेलेल्या खंडाला कोणीतरी स्पर्श करीत आहे हे ओळखावयाचे. या नोंदींवरून गळती शोधण्याची जी रीत बॉनविक सुचवतात, तिला ते स्वतःच ओबडधोबड म्हणतात : तासाभरापूर्वी घेतलेला खंड अजूनही परत आलेला नसेल, तर तो संशयित समजावा. वय हा येथे हेतूचा पर्याय झाला. परंतु कर्नलमध्ये यंत्र सुरू होताना घेतलेल्या आणि शेवटपर्यंत आवश्यक असलेल्या असंख्य वस्तू असतात. दीर्घायुषी आणि बेवारस यांत वय भेद करू शकत नाही.

हा भेद करावयाचा तर मॅकार्थींकडे परत जाणे भाग होते, आणि येथेच भाषेचा खरा प्रश्न उभा राहिला. लिस्पमध्ये मेमरीतील कोणता शब्द पत्ता आहे आणि कोणता अंक, हे प्रणालीला ठाऊक असते. यूनिक्स, सोलॅरिस आणि लिनक्स यांचे कर्नल सी भाषेत लिहिलेले आहेत. सीमध्ये हा भेद प्रोग्राम लिहिताना असतो. यंत्रभाषेत रूपांतर होताच तो पुसला जातो. मेमरीत उरतात ते निव्वळ अंक, आणि एखादा अंक कोणाचे वय आहे की कोणाचा पत्ता, हे त्याच्या रूपावरून सांगता येत नाही. व्याकरण अज्ञात असलेल्या भाषेतील शिलालेख वाचणाऱ्याची जी स्थिती, तीच या शोधकाची. १९८८ मध्ये हान्स बेम आणि मार्क वायझर यांनी यावर व्यवहारी तोडगा काढला : जो अंक पत्ता असू शकेल, तो पत्ताच मानावा. चूक झालीच तर ती सावध बाजूने होईल; कचऱ्याचा एखादा खंड जिवंत समजला जाईल, पण जिवंत खंड कचरा ठरणार नाही. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात ‘असहकारी परिसर’ असा शब्दप्रयोग आहे. आपल्याकडे असहकाराला जो ऐतिहासिक अर्थ आहे तो त्यांच्या मनात नसणार. तरी भाषांतर अंगावर येते खरे. योगायोग असा की १९७८ मध्ये डाइक्स्ट्रा आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी ज्या निबंधात पांढरा, करडा आणि काळा या तीन रंगांची परिभाषा रूढ केली, त्याच्या शीर्षकात ‘सहकार्याचा एक पाठ’ अशा अर्थाचे शब्द होते. पुढील कर्नल-साधनांनी रंग पहिल्या निबंधातून घेतले आणि परिस्थिती दुसऱ्यातून.

साध्या प्रोग्रामांसाठी ‘प्युरिफाय’ या साधनाने हे काम १९९२ च्या सुमारास बाजारात आणले. त्याच्या दोन कर्त्यांपैकी रीड हेस्टिंग्ज पुढे चित्रपट घरपोच पाठवण्याच्या धंद्यात शिरले आणि नेटफ्लिक्सचे संस्थापक म्हणून जगाला माहीत झाले. कर्नलसाठी सोलॅरिसच्या नव्या डीबगरमध्ये, जो २००० साली सोलॅरिस ८ बरोबर आला, ‘फाइंडलीक्स’ ही आज्ञा होती. कोसळलेल्या यंत्राची मेमरी डिस्कवर उतरवून घ्यावयाची आणि तिच्यात निर्देशांचा माग काढावयाचा. जे खंड कोणालाच ठाऊक नाहीत ते बॉनविक यांच्या नोंदींप्रमाणे, मागणीच्या स्थळानुसार गटवार दाखवावयाचे. हे शवविच्छेदन होते. मेलेल्या यंत्रात काहीच हलत नाही, हा त्याचा मोठा फायदा आणि यंत्र आधी मरावे किंवा मारावे लागते, हा तोटा.

जिवंत कर्नलवर हाच प्रयोग करण्याचे काम एआरएम कंपनीतील कॅटालिन मारिनास यांनी लिनक्ससाठी हाती घेतले. त्यांचा ‘केमेमलीक’ प्रथम २००६ मध्ये परीक्षणासाठी मांडला गेला आणि सप्टेंबर २००९ मध्ये २.६.३१ या आवृत्तीबरोबर मुख्य कर्नलमध्ये आला. मधली तीन वर्षे वाया गेली असे कोणी समजू नये. जिवंत प्राण्याच्या स्मृतीची तपासणी त्याच प्राण्याने करावयाची, हे काम सोपे नाही. त्याची रीत अशी. कर्नलमध्ये दिल्या जाणाऱ्या प्रत्येक खंडाचा पत्ता, आकार, वेळ, त्या वेळी चालू असलेल्या प्रोग्रामचे नाव आणि फंक्शनांची साखळी एका वृक्षाकार सूचीत नोंदली जाते. खंड परत आला की नोंद खोडली जाते. दर दहा मिनिटांनी कर्नलचाच एक धागा फेरी काढतो. आरंभी सर्व खंड पांढरे. मग कर्नलचा कायमचा डेटा आणि प्रत्येक प्रोसेसचा स्टॅक शब्दशः वाचला जातो. जो अंक एखाद्या नोंदलेल्या खंडाच्या आरंभाचा किंवा अंतर्भागाचा पत्ता ठरू शकेल, तो खंड करडा होतो. मग करड्या खंडांच्या आत वाचन चालू राहते, आणि नवीन काही सापडेनासे झाले की थांबते. जे अजून पांढरे ते पोरके. मॅकार्थींनी अशा शब्दांना साखळीत परत घातले असते. केमेमलीक त्यांना हात लावीत नाही, फक्त अहवाल देतो. कचरा उचलण्याचा अधिकार नसलेला हा संकलक आहे, आणि त्याच्या बाबतीत हे शहाणपणाचेच आहे. कारण तो चुकू शकतो.

तो दोन्ही बाजूंनी चुकतो. फेरी चालू असताना बाकीचा कर्नल थांबलेला नसतो. एखादा पत्ता आता वाचून झालेल्या जागेत हलवला जातो, आणि त्या खंडाचा माग क्षणभर सुटतो. म्हणून पाच सेकंदांपेक्षा लहान वयाच्या खंडाची वाच्यता केली जात नाही. तसेच खंडातील मजकुराची बेरीजवजा ओळख काढून ठेवली जाते आणि ती बदललेली आढळली, तर कोणीतरी त्यावर लिहीत आहे, अर्थात तो कोणाला तरी ठाऊक आहे, असे मानून निर्णय पुढच्या फेरीवर ढकलला जातो. बॉनविक यांचे वय येथे दुय्यम साक्षीदार म्हणून परत आलेले दिसते. उलट दिशेची चूक अधिक मूक असते. जुन्या कामातून स्टॅकवर उरलेला एखादा निरर्थक अंक योगायोगाने गळलेल्या खंडाचा पत्ता असतो आणि तेवढ्या आधारावर तो खंड जिवंत ठरतो. अशा प्रसंगी अहवालात काहीच दिसत नाही. आणि न दिसणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे, हे नवशिक्याला सांगावे लागते.

काही पत्ते तर कर्नलच्या स्मृतीत सापडणारच नाहीत अशा ठिकाणी असतात. डिस्कच्या किंवा नेटवर्कच्या उपकरणाला मेमरीचा भौतिक पत्ता दिलेला असतो; तो उपकरणालाच ठाऊक, कर्नलच्या शब्दांत त्याचे रूप निराळे. अशा स्थळी प्रोग्राम लिहिणाऱ्याने साधनाला उघडपणे सांगावे लागते की ही गळती नव्हे, किंवा या खंडाच्या आत वाचू नकोस. या सूचनांसाठी स्वतंत्र फंक्शने आहेत. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. हेतू यंत्राला दिसत नाही म्हणून निर्देश मोजावयास घेतले. निर्देशही अपुरे पडले, तेव्हा हेतू शब्दांत लिहून देण्याची पाळी आली. शिवाय केमेमलीक ज्यांची नोंदच घेत नाही अशा मागण्या आहेत. थेट पूर्ण पानांच्या हिशेबाने घेतलेली मेमरी त्यांत मोडते. तिची गळती या साधनाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. आणि प्रत्येक मागणीमागे नोंद करावी लागत असल्याने कर्नल मंदावतो. म्हणून हे साधन प्रयोगशाळेत वापरले जाते, ग्राहकाच्या यंत्रावर क्वचित.

ग्राहकाच्या यंत्रावर तपास करणारा अभियंता आधी साधे आकडे पाहतो. कर्नलने धरून ठेवलेली आणि परत न मिळणारी मेमरी आठवड्यागणिक चढते आहे का, आणि चढत असेल तर स्लॅबच्या यादीतील कोणत्या नावाखाली? येथे पुन्हा नावांचा घोटाळा आहे. लिनक्समध्ये २००७ साली आलेली क्रिस्टोफ लॅमेटर यांची ‘स्लब’ ही वाटपयंत्रणा सारख्या आकाराचे साठे एकत्र करून टाकते. त्यांपैकी एकाचेच नाव यादीत उरते. मग एका निरपराध साठ्याच्या नावावर दुसऱ्याची गळती चढलेली दिसते. हे एकत्रीकरण थांबवण्याची सूचना यंत्र सुरू करताना देता येते, पण ती द्यायची म्हणजे यंत्र बंद करावे लागणार, आणि बंद करताच पुरावा जाणार! २०२४ च्या जुलैमध्ये ६.१० या आवृत्तीत सुरेन बाग्दासार्यान आणि केंट ओव्हरस्ट्रीट यांची जी हिशेबपद्धती आली, तिने हा पेच पुष्कळ सोडवला. तिच्यात मेमरी मागणाऱ्या प्रत्येक ओळीला, फाइल आणि ओळक्रमांक यांसह, स्वतंत्र खाते असते, आणि खर्च इतका कमी की चालू यंत्रावरही ती ठेवता येते. १९८८ चा ‘प्रकार’ माणसाने द्यावयाचा होता. हा आता मागणीच्या स्थळावरून आपोआप पडतो. खाते कोणाचे ते कळते, खात्यातील कोणता खंड विसरलेला ते कळत नाही, ही जुनी मर्यादा मात्र कायम आहे.

गळती जन्मते कोठे, याविषयी थोडक्यात. बहुतेक गळती मुख्य मार्गावर होत नाही, कारण तो मार्ग रोज तुडवला जातो. एखादे फंक्शन आधी एक खंड मागते, मग दुसरा, मग उपकरणाशी बोलते. उपकरण नकार देते. अशा वेळी घेतलेले दोन्ही खंड उलट क्रमाने परत करावयाचे असतात. या अपयशाच्या वाटा क्वचित चालल्या जातात आणि म्हणून तेथे चुका दीर्घकाळ नांदतात. स्टॅनफर्डमधील डॉसन एंगलर यांच्या गटाने २००० आणि २००१ मध्ये प्रोग्राम न चालवता, केवळ त्याचा मजकूर वाचून अशा चुका शोधून दाखवल्या; त्यांच्या २००१ च्या अभ्यासात ड्रायव्हरांतील चुकांचे प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पटींपर्यंत आढळले. २०२३ साली ६.५ या आवृत्तीत पीटर झायल्स्ट्रा यांनी आणलेल्या सोयीने, नावाची व्याप्ती संपताच खंड आपोआप परत जाण्याची व्यवस्था सी भाषेतील कर्नललाही मिळाली. परत करण्याचे कर्तव्य आठवणीवर न सोडता ते घोषणेच्या वाक्यातच बांधून टाकले, असे तिचे वर्णन करता येईल.

यानंतर उरते ती गळती, जिच्यात खंड बेवारस नसतोच. ग्रंथालयाची नोंदवही काटेकोर असावी, पुस्तक कोणाकडे आहे हेही तीत लिहिलेले असावे, आणि घेणारा ते कधी वाचणार नसावा, तशी ही स्थिती. खंडाकडे निर्देश आहे, म्हणून केमेमलीकला तो जिवंत दिसतो. त्याचा उपयोग मात्र पुन्हा होणार नाही. एखादा खंड पुढे कधी वापरला जाईल की नाही, हे कोणत्याही प्रोग्रामबाबत यंत्राने ठरवणे सर्वसाधारणपणे अशक्य आहे, हे ट्यूरिंग यांच्या १९३६ च्या निष्कर्षावरून निघते. कर्नलमध्ये ही गळती विशेषतः निर्देशगणनेतून होते. कोणीतरी अंक एकाने वाढवतो आणि कमी करण्याचे विसरतो. जानेवारी २०१६ मध्ये परसेप्शन पॉइंट या संस्थेने लिनक्समधील अशी एक चूक उघड केली. ती २०१३ च्या ३.८ या आवृत्तीपासून तेथे होती. प्रोसेसने आपला सत्रातील किल्ल्यांचा जुडगा त्याच जुडग्याने बदलू पाहिला की निर्देशाचा अंक वाढे आणि तसाच राही. मेमरीचा एक बाइटही त्यात वाया जात नव्हता. परंतु तो अंक ३२ बिटांचा होता. हीच क्रिया ४,२९,४९,६७,२९६ वेळा केली की तो फिरून शून्यावर येई, कर्नल जुडगा परत करून टाकी, आणि त्याचा पत्ता मात्र प्रोसेसच्या हाती राही. त्या मोकळ्या जागी आपला मजकूर घालून सामान्य वापरकर्त्याला यंत्राचे पूर्ण अधिकार मिळवता येत. शोधकांना यास सुमारे अर्धा तास लागला. मेमरी मोजणाऱ्या कोणत्याही साधनाने ही चूक ‘गळती’ म्हणून दाखवली नसती; आणि तरीही ‘परत करावयाचे राहिले’ या मूळ अर्थाने ती गळतीच होती.

यावर २०१७ साली ४.११ या आवृत्तीत निर्देशगणनेसाठी एक नवा प्रकार आणला गेला. त्याचा अंक मर्यादेपाशी पोहोचला की तो तेथेच गोठतो, पुन्हा शून्याकडे येत नाही. खंड कायमचा अडकून पडतो, आणि कर्नल आपल्या नोंदवहीत स्वतःच लिहितो की गणना भरली आहे, मेमरी गळू देत आहे. परत गेलेल्या खंडाचा दुरुपयोग होण्यापेक्षा तो कायमचा बेवारस ठेवणे बरे, असा हा निवाडा आहे. गळती येथे दोष न राहता दोषावरील उतारा झाली. रस्ट भाषेच्या कर्त्यांनी २०१५ मध्ये, पहिली स्थिर आवृत्ती येण्याच्या तोंडावर, याच स्वरूपाचा निर्णय घेतला होता : मेमरी परत न करणे हे त्या भाषेच्या सुरक्षिततेच्या व्याख्येत उल्लंघन मानले जात नाही, कारण निर्देशगणनेच्या वस्तू एकमेकींत गुंतवून ते सुरक्षित प्रोग्राममध्येही घडवता येते. डिसेंबर २०२२ च्या ६.१ या आवृत्तीपासून रस्टला लिनक्स कर्नलमध्ये प्रवेश मिळाला. तेथील सामाईक मालकीची वस्तू याच गोठणाऱ्या अंकावर बांधलेली आहे. आणि अशा दोन वस्तूंनी एकमेकींना धरून ठेवले, तर मॅकबेथ यांनी १९६३ च्या पत्रात दाखवलेली अवस्था तिच्यातही तशीच उद्भवते.